निष्कास यंत्रणा, जुन्या मोटारगाड्यांची

अंतर्ज्वलन एंजिनात इंधन जळून तयार झालेले उष्ण वायू गाडीच्या मागील टोकापर्यंत वाहून नेणारी, त्यांचा आवाज कमी करणारी आणि ते उतारूंपासून दूर सोडणारी नळ्या व पेटिकांची जोडणी. सिलिंडरांच्या निष्कासद्वारांना जोडलेला बिडाचा मॅनिफोल्ड, त्यापुढील नळी, एक किंवा दोन सायलेन्सर, शेवटची नळी आणि या सर्वांना गाडीच्या तळाशी टांगून धरणारे पट्टे व रबरी आधार हे तिचे प्रमुख भाग होत. गाडीच्या इतर भागांच्या मानाने ही यंत्रणा अल्पायुषी असते. चाळीस-पन्नास वर्षे वापरात असलेल्या गाडीत ती अनेकदा बदललेली असते. त्यामुळे आज गाडीखाली जी यंत्रणा दिसते ती मूळची असेलच असे नाही. मॅनिफोल्ड मूळचा, मधली नळी एका कारागिराची व सायलेन्सर दुसऱ्याच गाडीचा, अशी सरमिसळ पुष्कळदा आढळते. जुन्या गाडीसाठी नवी यंत्रणा निवडताना म्हणूनच प्रथम मूळ यंत्रणा कशी होती हे ठरवावे लागते, आणि बाजारात काय मिळते हा प्रश्न त्यानंतरचा होय. [→ अंतर्ज्वलन-एंजिन, मोटारगाडी].

पुण्यातील परिस्थिती : भारतात जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांपुढील अडचणीचे मूळ येथील मोटार उद्योगाच्या इतिहासात आहे. जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत १९२८ मध्ये सुरू केलेला जुळणीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. फोर्ड कंपनीनेही त्याच सुमारास येथील जुळणी थांबविली. त्यामुळे शेव्हरोले, ब्यूक, फोर्ड यांसारख्या गाड्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले व ते स्थानिक कारागिरांकडून घडवून घेण्याची रीत पडली. त्यानंतर सु. तीन दशके रस्त्यांवर प्रामुख्याने मोजक्या देशी बनावटीच्याच गाड्या होत्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ११०० व १९७४ पासून तिचेच रूप असलेली प्रीमियर पद्मिनी, हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड आणि महिंद्र कंपनीची जीप या त्यांपैकी मुख्य होत. या गाड्यांचे सायलेन्सर मोठ्या संख्येने तयार होत आणि पुण्यातील नाना पेठेत, म्हणजे मोटारींच्या सुट्या भागांच्या शहरातील जुन्या बाजारपेठेत, ते सहज मिळत. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास व अँबॅसडरचे २०१४ मध्ये थांबले. एकेकाळी टॅक्सी व सरकारी कचेऱ्या यांच्यामुळे असलेली मागणी ओसरली आणि कालपर्यंत ‘कोठेही मिळणारा’ म्हणून दुर्लक्षित राहिलेला फियाटचा सायलेन्सर शोधून आणावा लागणारा जिन्नस झाला. परदेशी गाड्यांच्या बाबतीत ही स्थिती सत्तर वर्षांपूर्वीच आली होती. देशी गाड्या आता त्याच मार्गाने जात आहेत.

आवाज व वायूंचा प्रवाह : निष्कास झडप उघडते त्या वेळी सिलिंडरातील वायूंचा दाब वातावरणाच्या कित्येक पट असतो. ते एकदम बाहेर पडल्याने दाबाचा एक धक्का नळीतून पुढे सरकतो. चार सिलिंडरांच्या चतुर्धाव एंजिनात आसाच्या दर दोन फेऱ्यांत असे चार धक्के निर्माण होतात. मिनिटाला ८०० फेरे या मंद गतीत त्यांची संख्या सेकंदाला सु. २७, तर ३,००० फेऱ्यांस सेकंदाला १०० इतकी होते. आवाज म्हणून कानाला जाणवतात ते हेच धक्के. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सु. ५५० मी. असल्याने १०० कंप्रतेच्या स्वराची तरंगलांबी साडेपाच मी. भरते. अशा लांब तरंगांना आवर घालण्यासाठी पुरेशा घनफळाची पेटी लागते. लहानशा डब्यातून तीक्ष्ण स्वर गाळले जातात, पण घुमणारे खालचे स्वर तसेच सुटतात.

सायलेन्सरचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्यात पेटीचे आडव्या पडद्यांनी कप्पे पाडलेले असून वायू छिद्रयुक्त नळ्यांतून एका कप्प्यातून दुसऱ्यात जातात. प्रसरण व परावर्तन यांमुळे दाबाचे धक्के एकमेकांना मारक ठरतात. दुसऱ्यात छिद्रयुक्त सरळ नळीभोवती काचलोकर किंवा तत्सम तंतू भरलेले असतात व ते ध्वनिऊर्जा शोषून घेतात. पहिला प्रकार खालच्या स्वरांवर, तर दुसरा वरच्या स्वरांवर अधिक परिणामकारक असतो. देशी बनावटीच्या जुन्या गाड्यांत पहिल्या प्रकाराचाच प्रामुख्याने उपयोग केलेला असे. आवाज दाबणाऱ्या अशा पेटीचे एकस्व अमेरिकेतील रीव्ह्ज बंधूंना १८९७ मध्ये मिळाले होते. तिचे मूळ तत्त्व अद्याप बदललेले नाही.

नळीचा व्यास हा निवडीतील सर्वांत वादाचा मुद्दा होय. नळी जितकी रुंद तितकी गाडी जोमदार, असा एक समज आहे. याउलट एंजिनाला ‘थोडा प्रतिदाब लागतोच’ असेही अनेक कारागीर सांगतात. दोन्ही विधाने अर्धवट आहेत. प्रतिदाबाचा एंजिनाला काहीच उपयोग नसतो. उपयोगी पडतो तो वायूंचा वेग, कारण वेगाने निघून जाणारा एक झोत आपल्यामागे दाब कमी करतो व पुढच्या सिलिंडरातील उरलेसुरले वायू ओढून घेतो. पद्मिनीचे १,०८९ घ. सेंमी. धारणेचे एंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांस सु. पावणेदोन घ.मी. हवा घेते असे धरले, तर सु. ६००° से. तापमानास फुगलेले निष्कास वायू ३८ मिमी. अंतर्व्यासाच्या नळीतून सेकंदाला सु. ७५ मी. वेगाने जातील. तीच नळी ५० मिमी. व्यासाची केल्यास तिचे क्षेत्रफळ पाऊणपटीच्या जवळपास वाढते व वेग ४३ मी.वर येतो. शहरात गाडी यापेक्षा पुष्कळ कमी फेऱ्यांवर चालते, तेव्हा तर प्रवाह अगदीच मंदावतो. परिणामी खालच्या गतीतील ओढ कमी होते, घुमणारा आवाज वाढतो आणि वायू नळीतच थंड होऊन पाणी अधिक साचते. अँबॅसडरच्या १,४८९ घ. सेंमी. एंजिनात मधल्या दोन सिलिंडरांचे निष्कासद्वार शीर्षातच एकत्र केलेले आहे. त्याला प्रत्येक सिलिंडरासाठी स्वतंत्र शाखा असलेला शर्यतीच्या धर्तीचा मॅनिफोल्ड जोडता येत नाही. एंजिन मूळ स्थितीत असेल, तर यंत्रणाही मूळ व्यासाची असावी, हाच निष्कर्ष यातून निघतो. एंजिनाचे शीर्ष, कार्ब्युरेटर वा झडपदंड बदलल्याशिवाय नुसता रुंद सायलेन्सर बसविल्याने मिळतो तो बहुधा केवळ आवाज, आणि पेठांतील अरुंद गल्ल्यांत समोरासमोरच्या भिंतींवरून परतणारा तो आवाज शेजाऱ्यांना गाडीच्या मालकापेक्षा अधिक ऐकावा लागतो.

गंजण्याची कारणे : सायलेन्सर पावसाच्या पाण्याने बाहेरून गंजतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो बहुधा आतून गंजत येतो. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सु. एक लिटर पाणी तयार होते. यंत्रणा पूर्ण तापलेली असताना ते वाफेच्या रूपात निघून जाते, पण एंजिन सुरू केल्यानंतर पहिली काही मिनिटे त्याचा बराचसा भाग थंड पत्र्यावर द्रवरूप होतो. त्यात ज्वलनातून आलेली अम्ले विरघळतात. मागचा सायलेन्सर एंजिनापासून सर्वांत दूर व म्हणून सर्वांत थंड असल्याने प्रथम तोच कुजतो. डेक्कन जिमखान्यावरून लष्कर भागात जाऊन परत येण्याइतक्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचा सायलेन्सर दूरवर नियमित प्रवास करणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरपेक्षा लवकर जातो, याचे कारण हेच. पावसाळाभर उभी ठेवून आठवड्यातून एकदा पाच मिनिटे ‘चालू करून ठेवलेली’ गाडी या दृष्टीने सर्वांत वाईट वापरली जाते. पुणे समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर असल्याने सखल प्रदेशासाठी जुळविलेला कार्ब्युरेटर येथे किंचित अधिक इंधन देतो. नळीच्या तोंडाशी साचणारी कोरडी काळी काजळी हे त्याचे लक्षण असून नवी यंत्रणा बसविण्यापूर्वी हे मिश्रण ठीक करून घेणे श्रेयस्कर असते.

द्रव्ये : साधा पोलादी पत्रा हे मूळचे व सर्वांत स्वस्त द्रव्य होय. १८ गेजचा पत्रा सु. १·२ मिमी., तर १६ गेजचा सु. १·६ मिमी. जाड असतो. जाडीतील हा थोडा फरक आयुष्यात व आवाजाच्या भारदस्तपणातही उतरतो. ॲल्युमिनियमाचा थर दिलेले पोलाद गंजाला अधिक तोंड देते, मात्र वेल्डिंगच्या जागी थर जळून जातो व तेथूनच गंज सुरू होतो. अगंज पोलादाचे दोन प्रकार प्रचारात आहेत. सु. ११ टक्के क्रोमियम असलेला ४०९ हा प्रकार आधुनिक गाड्यांत सररास वापरतात. तो चुंबकाला चिकटतो व कालांतराने तपकिरी पडतो, पण सहजी कुजत नाही. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेला ३०४ हा प्रकार चकाकी टिकवून धरतो व सामान्यतः चुंबकाला चिकटत नाही. विकत घेताना चुंबक लावून पाहणे ही त्यामुळे सोपी परीक्षा ठरते. तथापि ३०४ पोलाद साध्या पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते. अडीच मी. लांबीची नळी ३००° से.ने तापल्यास साधे पोलाद सु. ९ मिमी., तर हे सु. १३ मिमी. वाढते. मूळ आधार घट्ट असतील, तर ही वाढ मॅनिफोल्डवर ताण देते, आणि जुने बीड अशा ताणाने तडकते. पातळ अगंज पत्र्याचा आवाजही काहीसा पत्र्याच्या डब्यासारखा येतो. जी गाडी मालक आणखी वीस वर्षे चालवू इच्छितो तिला मूळ आकाराची, पण ४०९ पोलादाची यंत्रणा सर्वांत सोयीची. प्रदर्शनात मूळ रूपाचे परीक्षण व्हावयाचे असेल, तर साधा काळा पत्राच योग्य.

निवडीचे मार्ग : जुन्या साठ्यातील न वापरलेला मूळ सायलेन्सर मिळाल्यास मालकाला आनंद होणे स्वाभाविक आहे, परंतु अनेक वर्षे दमट गुदामात पडून राहिलेली पेटी बाहेरून रंगीत व आतून पोखरलेली असू शकते. तो हलवून पाहावा. आत खडखड वाजल्यास पडदे सुटलेले असतात. बाजारात मिळणाऱ्या नक्कल भागांत मुख्य फसवणूक आतील पडद्यांची होते. बाह्य आकार तोच ठेवून आत एक सरळ छिद्रयुक्त नळी घातलेली असते. अशी पेटी वजनाला हलकी लागते व एका तोंडातून पाहिल्यास दुसऱ्या तोंडातील उजेड सरळ दिसतो. मूळ सायलेन्सर कप्प्यांचा असेल, तर असा उजेड दिसता कामा नये. ब्रिटिश व जर्मन बनावटीच्या लोकप्रिय गाड्यांसाठी परदेशातील खास व्यावसायिक संपूर्ण संच तयार करतात. ते सामान्यतः चांगले असतात, पण त्यांची मापे त्या-त्या देशात विकल्या गेलेल्या नमुन्यांची असतात. भारतातील गाडीचे पाटे बदललेले किंवा तळ दुरुस्त केलेला असल्यास ती तंतोतंत बसत नाहीत. फोक्सवॅगन बीटलसारख्या हवेने थंड होणाऱ्या गाडीत निष्कास नळीभोवतालची उष्ण हवा आतील भाग उबदार करण्यासाठी वापरलेली असते. तेथे स्वस्त नक्कल भाग घेणे धोक्याचे आहे, कारण तिला पडलेले छिद्र वायू थेट उतारूंच्या पायांशी आणते.

उरतो तो कारागिराकडून घडवून घेण्याचा मार्ग. पुण्याच्या यंत्रोद्योगामुळे पत्राकाम व वेल्डिंग यांत निष्णात माणसे येथे आहेत, आणि अल्पसंख्य गाड्यांच्या बाबतीत हाच मार्ग बहुधा शेवटी पत्करावा लागतो. या कामी जुना, कुजलेला सायलेन्सर हाच नव्याचा नकाशा असतो. तो भंगारात देण्यापूर्वी त्याची लांबी, परीघ, तोंडांची जागा व कोन मोजून ठेवावेत. शक्य असल्यास तो उभा कापून आतील कप्प्यांची संख्या, पडद्यांमधील अंतरे व छिद्रांचा आकार यांची नोंद करावी. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात सापडलेला त्याच गाडीचा फुटका सायलेन्सरही या दृष्टीने मोलाचा ठरतो. नळ्यांचा मार्ग मात्र यंत्रणा गाडीवर असतानाच जाड तारेने उतरवून घ्यावा. एकदा ती खाली उतरविली की मागच्या आसावरून जाणारे वळण स्मरणाने काढता येत नाही. वळण देताना नळी चेपली जाऊ नये म्हणून तीत कोरडी वाळू ठासून भरून ती तापवून वाकविण्याची पद्धत जुनी व भरवशाची आहे. वाळू ओली असल्यास वाफेच्या दाबाने तोंडाची बुचे उडून इजा होते. चेपलेले वळण वरून क्षुल्लक दिसले, तरी मूळ व्यास राखण्याचा सारा उद्देश ते फोल ठरविते.

जोडणी व सुरक्षितता : सर्व भाग प्रथम सैल जोडून, मागचा आस वर-खाली होताना नळीला लागत नाही हे पाहून, मग मॅनिफोल्डकडून मागे याप्रमाणे आवळत जावे. मॅनिफोल्डच्या खिळ्यांना पितळी नट लावतात, कारण ते उष्णतेने जखडत नाहीत. जुन्या गास्केटांत व नळीवरील वेष्टनांत ॲस्बेस्टस असण्याचा संभव असतो. ती कोरडी खरवडू नयेत, ओली करून काढावीत. संपूर्ण यंत्रणा वेल्डिंगने एकसंध करण्याचा मोह टाळावा. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ती कापावीच लागते. वेल्डिंग गाडीखालीच करावयाचे झाल्यास विद्युत् घटमालेची जोडणी सोडावी व पेट्रोलची टाकी आणि नळ्या यांपासून ठिणग्या दूर राहतील अशी व्यवस्था करावी. गतिरोधकांवर घासणाऱ्या सायलेन्सरला वर उचलून बांधण्याची प्रथा आहे, पण त्यामुळे तो गाडीच्या तळाला किंवा ब्रेकच्या नळीला भिडत असेल, तर मूळ दोष बसलेल्या पाट्यांत शोधला पाहिजे.

निष्कास वायूंतील कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनापेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने संयोग पावतो. जुन्या गाड्यांच्या तळाला पडलेली छिद्रे, सुकलेली रबरे व न बसणारे डिकीचे झाकण यांतून तो आत येतो. मागील काच उघडी ठेवून वेगाने जाताना गाडीमागचा कमी दाब त्याला आत ओढतो. शेवटची नळी देखणी दिसावी म्हणून आखूड करणे हे याच कारणासाठी अयोग्य होय. ती मागील पत्र्याच्या बाहेर आलीच पाहिजे. यंत्रणा गळत नाही याची परीक्षा सोपी आहे : एंजिन मंद गतीत चालू असताना हातमोजा घालून जाड कापडाच्या बोळ्याने नळीचे तोंड क्षणभर दाबावे. सांधे घट्ट असल्यास एंजिन गुदमरू लागते. नसल्यास ज्या सांध्यातून फुसफुस ऐकू येते तेथे गळती असते. वेग कमी करताना मागून येणारे फटाक्यासारखे आवाजही पुढील सांध्यातून हवा आत शिरत असल्याचे सुचवितात.

कायदेशीर बाजू : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये प्रत्येक मोटार वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे आवश्यक आहे. निष्कास वायू खाली किंवा डाव्या बाजूस, म्हणजे पदपथाकडे, सुटता कामा नयेत आणि निष्कास नळी इंधनाच्या नळीपासून ३५ मिमी.च्या आत असता कामा नये. कारागिराकडून नवे वळण घेताना हे शेवटचे माप विशेष पाहावे लागते. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या निष्कासात मंद गतीस कार्बन मोनॉक्साइडाचे प्रमाण ३ टक्क्यांहून अधिक चालत नाही. गळक्या सांध्यातून हवा मिसळल्यास ही मोजणी फसवी ठरते. वायू शुद्ध करणारा उत्प्रेरकी परिवर्तक १९९५ पासून प्रथम चार महानगरांतील नव्या गाड्यांना लागू झाला. त्यापूर्वीच्या गाड्यांत तो नसतो. शिसेविरहित पेट्रोल २००० पासून देशभर मिळू लागले असले, तरी कार्ब्युरेटरच्या गाडीत परिवर्तक नंतर बसवून फारसा लाभ होत नाही, कारण इंधन व हवा यांचे त्याला लागणारे काटेकोर प्रमाण कार्ब्युरेटर राखू शकत नाही. वाहनांच्या उत्सर्जन व आवाज यांच्या प्रमाणित चाचण्या करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे, परंतु तिचे काम मुख्यतः उत्पादकांसाठी असते. एकट्या मालकाला आपल्या कानावर व गाड्यांचे उत्सर्जन तपासणाऱ्या केंद्राच्या आकड्यावर विसंबावे लागते.

याच नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक वय झालेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र नोंदणीवर्ग निर्माण झाला. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते व तिच्या सांगाड्यात, बाह्यांगात वा एंजिनात लक्षणीय फेरबदल झालेले चालत नाहीत. पद्मिनी या नावाच्या सुरुवातीच्या गाड्यांनी ही वयोमर्यादा २०२४ पासून गाठण्यास सुरुवात केली आहे. सायलेन्सरचा या अटीत वेगळा उल्लेख नाही व झिजणारा भाग म्हणून तो बदलणे साहजिकच मानले जाते. मात्र रुंद नळी किंवा दुहेरी यंत्रणा नेण्यासाठी सांगाड्याच्या आडव्या पट्टीला खाच पाडणे, तळाचा पत्रा कापणे किंवा मॅनिफोल्डसाठी एंजिनाचे शीर्ष बदलणे या गोष्टी थेट अटीच्या कक्षेत येतात. अशी कापाकापी हौसेने एकदा झाली की मूळ यंत्रणा परत बसविली, तरी खाच राहतेच.

निगा : नव्या यंत्रणेचे आयुष्य बव्हंशी वापरावर अवलंबून असते. गाडी उभीच ठेवावयाची असेल, तर ती अधूनमधून थोडा वेळ चालू करण्यापेक्षा महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्यावी, म्हणजे मागचा सायलेन्सरही पाणी उडून जाण्याइतका तापतो. पेटीच्या तळाशी सर्वांत खोलगट जागी मूळ उत्पादकाने बारीक छिद्र ठेवलेले असल्यास नव्या पेटीतही ते ठेवावे व चिखलाने बुजू देऊ नये. नळीवर गुंडाळलेली उष्णतारोधक पट्टी ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात वापरल्या जाणाऱ्या गाडीला ती लावू नये. पहिल्या शंभर-दीडशे किमी.नंतर, यंत्रणा थंड असताना, सर्व पट्टे व मॅनिफोल्डचे नट पुन्हा एकदा आवळावे लागतात, कारण नवे गास्केट तोवर दबून बसलेले असते.